नाण्याची कड



1906 साली आपल्या नाशिक जिल्ह्यात, जोगळटेंभी गावात, चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी होती. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरूनच दुसऱ्या राजाची चिन्हे उमटवलेली होती. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवले, त्याची नाणी गोळा केली आणि ती न वितळवता ऐरणीवर ठेवून वरून आपला ठसा मारला. एका बाजूला तीन कमानींचा चैत्य, दुसऱ्या बाजूला उज्जयिनीचे चिन्ह. काही नाण्यांवर त्याखाली नहपानाचे नाक आणि कपाळ अजून दिसते.

इतिहासाची पुस्तके याकडे विजयाची घोषणा म्हणून पाहतात आणि ते बरोबरच आहे. मला मात्र या नाण्यांमध्ये एक कारखानदारीचा निर्णयही दिसतो. नाणे पाडण्याची कामे तीन: नेमक्या वजनाची चकती तयार करायची, ठसा कोरायचा आणि घाव घालायचा. सातकर्णीच्या माणसांनी ठसा नवा कोरला, घाव नवा घातला, पण चकती मात्र शत्रूची वापरली. माझ्या मते, चकतीतच सगळा वेळ आणि सगळी मेहनत जाते हे त्यांना पक्के ठाऊक होते. नहपानाने ती मेहनत आधीच करून ठेवली होती.

आजच्या व्याख्यानात मला हीच गोष्ट मांडायची आहे. नाण्यांच्या यंत्रांचा इतिहास सांगताना लोक घणाकडून वाफेकडे, वाफेकडून विजेकडे जातात आणि वेग कसा वाढत गेला ते सांगतात. वेग वाढला, यात वाद नाही. परंतु यंत्र आले ते चकतीसाठी, आणि त्यातही चकतीच्या कडेसाठी. वेग मागाहून आला.

आपल्याकडची सर्वांत जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीचा पत्रा कापून तुकडे करायचे, तुकडा वजनाला जास्त भरला तर कोपरा छाटायचा, मग त्यावर एकेक चिन्ह ठोकायचे. म्हणून ही नाणी चौकोनी, पंचकोनी, कशीही वेडीवाकडी दिसतात. आकाराची फिकीर कुणाला नव्हती. वजन आणि चांदीचा कस चोख असला की झाले. पुढची दोन हजार वर्षे या पद्धतीत मूलभूत फरक पडला नाही. शिवछत्रपतींची शिवराई हातात घेऊन पाहा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', पण सगळी अक्षरे एकाच नाण्यावर पुरती उमटलेली शिवराई मिळाली तर संग्राहक हरखून जातो, कारण ठसा मोठा आणि चकती लहान.

आता आपल्या शेजारच्या चांदवडला जाऊ. तिथे होळकरांच्या काळात टांकसाळ जोरात चालत होती. चांदोरी रुपया म्हणून तिचे नाणे महाराष्ट्रभर फिरत असे. त्यावर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे आणि टांकसाळीचे नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर'. मराठ्यांची सत्ता, नाणे बादशहाच्या नावाचे, हा त्या काळचा सर्रास रिवाज होता. या टांकसाळीचे काम कसे चाले ते नाशिकच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंदले आहे. चांदी वितळवून कस पाहायचा, तुकडे करायचे, सोनारांनी ते वजनाला बरोबर करून गोल-चपटे करायचे. मग एकाने ठसा धरायचा आणि दुसऱ्याने सहा पौंडांचा घण घालायचा. एका घावात एक रुपया. आणि वेग? तासाला दोन हजार.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकलो. दोन हजार म्हणजे दोन सेकंदांत एकापेक्षा जास्त नाणी! याच सुमारास इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमजवळ सोहो इथे मॅथ्यू बोल्टनचा वाफेवरचा दाब मिनिटाला सत्तर-ऐंशी नाणी पाडत होता. म्हणजे तासाला साडेचार हजारांच्या आसपास. जगातले सर्वांत पुढारलेले यंत्र चांदवडच्या घणाच्या जेमतेम दुप्पट-अडीचपट. एवढ्यासाठी कुणी वाफेचे इंजिन उभारील?

उत्तर सराफाच्या पेढीवर सापडते. पेशवाईत अंकुशी, चांदोरी, मल्हारशाही असे कितीतरी रुपये एकाच बाजारात चालत. कुठला नवा, कुठला झिजलेला, कुठला हलक्या चांदीचा. प्रत्येकाचा भाव वेगळा, आणि तो ठरवणार सराफ. तो नाणे वाजवून पाही, तोली, कसोटीला लावी, कधी कडेवर छेद देऊन आतली धातू पाही आणि मग बट्टा कापी. शेतकऱ्याने धान्य विकून आणलेला रुपया सरकारात भरायचा, तर भरताना बट्टा. तोच रुपया बदलून घ्यायचा, तर पुन्हा बट्टा. सावकाराला तराजू परवडत होता, शेतकऱ्याला परवडत नव्हता. हाताने पाडलेल्या नाण्यात प्रत्येक नाणे वेगळे असते, आणि प्रत्येक वेगळेपणाचा दंड जो मोजू शकत नाही तो भरतो. हे मी ठासून सांगतो, कारण हातकामाच्या सौंदर्याबद्दल बोलताना आपण त्याची ही बाजू विसरतो. मला शिवराई फार प्रिय आहे. पण बट्टा देणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले की यंत्राची बाजू घ्यावी लागते.

दुसरा रोग होता कातरण्याचा. नाण्याची कड वेडीवाकडी असेल तर तिथून गुंजभर चांदी कुणी कातरून घेतली तरी कळत नाही. युरोपात तर या रोगाने कहर केला होता. तिथले यंत्र आधी आले ते जर्मन आणि ऑस्ट्रियन कारागिरांकडून. 1550च्या सुमारास आऊग्सबुर्गहून पॅरिसला स्क्रूचा दाब गेला. मोठ्या मळसूत्राला आडवा दांडा, दांड्याच्या टोकांना जड गोळे, माणसांनी तो गरकन फिरवायचा की वरचा ठसा खाली येऊन चकतीवर आदळतो. सोबत पत्रा सारखा लाटणारे रूळ आणि चकती कापणारे पंच. एलॉय मेस्त्रेल नावाचा फ्रेंच कारागीर हे तंत्र 1561मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये घेऊन गेला. नाणी देखणी पडली, गोल, स्वच्छ, नेटक्या कडेची. पण तिथल्या घणवाल्यांनी त्याला पाय रोवू दिला नाही. 1572मध्ये चाचणी झाली तेव्हा हातकारागिरांच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नाणी त्याच्याकडून पडेनात. त्याची नोकरी गेली, पुढे खोटी नाणी केल्याच्या आरोपावरून 1578मध्ये तो फासावर गेला, आणि इंग्लंड पुन्हा घणाकडे वळले. पहिली जवळजवळ शंभर वर्षे यंत्र हाताहून मंद होते, हे लक्षात घ्या. तरीही ते पुन्हा पुन्हा का परत आणले गेले? कडेसाठी.

1662 साली इंग्लंडने घण कायमचा सोडला. नव्या मोठ्या नाण्यांच्या कडेवर लॅटिन अक्षरे कोरली होती. अर्थ असा: भूषण आणि संरक्षण. कडेवरचा मजकूर नाण्याला शोभाही देतो आणि त्याचे रक्षणही करतो. तिथे कातरले की अक्षर तुटते, आणि अक्षर तुटले की अडाण्यालाही कळते. लहान नाण्यांना अक्षरांऐवजी बारीक खाचा पाडल्या. पण जुनी हातनाणी चालूच राहिली आणि लोक ती कातरतच राहिले. शेवटी 1696मध्ये ती सगळी परत घेऊन वितळवावी लागली, तेव्हा त्यांचे वजन मूळच्या निम्म्यावर आले होते. त्याच वर्षी आयझॅक न्यूटन टांकसाळीत वॉर्डन म्हणून दाखल झाला. विज्ञानाच्या इतिहासातला एवढा मोठा माणूस पुढे तीस वर्षे नाण्यांचे वजन आणि कस यांत गुंतून राहिला, याबद्दल काहींना हळहळ वाटते. मला वाटत नाही. एका देशातल्या प्रत्येक व्यवहारात खरे माप यावे, हे काम त्याच्या बुद्धीला साजेसेच होते.

आता बोल्टनकडे. जेम्स वॉटचा हा भागीदार. त्या वेळी इंग्लंडात तांब्याची खोटी नाणी इतकी माजली होती की बाजारात खरे नाणे शोधावे लागे. बोल्टनने 1788च्या सुमारास सोहोला टांकसाळ उभारली आणि वाफेच्या इंजिनावर नाण्यांचे दाब चालवले. त्याच्या कारखान्यात नाणे कसे घडे ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आजही मूळ क्रम तोच आहे. धातूची लगड रुळांतून पुन्हा पुन्हा काढून तिचा एकसारख्या जाडीचा पत्रा करायचा. पत्र्यातून पंचाने चकत्या कापायच्या. पत्रा ठोकला-लाटला की धातू कडक होते, म्हणून भट्टीत तापवून मऊ करायची. मग पुसून, घासून स्वच्छ चकती दाबाखाली द्यायची. इथे खरी युक्ती आहे. पेढ्यावर ठसा दाबला की पेढा कडेने पसरतो आणि फाटतो. धातूचेही तेच होते. बोल्टनने चकतीभोवती पोलादी कडे बसवले. घाव बसताच धातूला पसरायला जागा उरत नाही, ती कड्याला जाऊन भिडते, ठशाच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरते, आणि नाणे अगदी नेमक्या व्यासाचे गोल होऊन बाहेर पडते. एक आणि दुसरे यांत फरक दिसत नाही. फरक दिसला तर ते खोटे.

1797 साली त्याने पाडलेली पेनी बरोबर एक औंसाची होती आणि दोन पेनीचे नाणे दोन औंसांचे. दुकानदार ती वजने म्हणून वापरू शकत. नाणे तोलायला नको, उलट नाण्यानेच तोलता येते! हाताने पाडलेल्या नाण्याच्या जगात ही कल्पनाही करता आली नसती.

बोल्टनच्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांत ईस्ट इंडिया कंपनी होती. 1791 आणि 1794 अशा सालांची तांब्याची नाणी सोहोला पाडून मुंबई इलाख्यासाठी जहाजाने आली. एका बाजूला कंपनीचे चिन्ह. दुसऱ्या बाजूला तराजू, आणि पारड्यांच्या मधोमध फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. हे नाणे मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा त्याच्या कडेवरून बोट फिरवतो. ती इतकी सारखी आहे की ज्या तराजूचे चित्र त्यावर आहे, त्या तराजूची गरजच या नाण्याने संपवली. कंपनीच्या न्यायाबद्दल मला काही चांगले बोलायचे नाही. त्या तराजूने या देशाला काय दिले आणि काय नेले ते आपण जाणतो. पण यंत्राने केलेले काम खरे होते.

नंतर यंत्रच मुंबईला आले. बॉम्बे इंजिनिअर्सचे कॅप्टन जॉन हॉकिन्स यांनी फोर्टात टांकसाळ बांधली, सोहोच्या कंपनीची वाफेची इंजिने आणि दाब बसवले, आणि 1829च्या सुमारास ती सुरू झाली. कोलकात्यालाही त्याच वर्षी. रिझर्व्ह बँकेसमोरची मुंबईची ती खांबांची इमारत आपल्यातल्या बऱ्याच जणांनी येता-जाता पाहिली असेल. आत आजही नाणी पडतात. चांदवडची टांकसाळ याच सुमारास बंद झाली. पाठोपाठ 1835चा कायदा आला आणि कंपनीच्या सगळ्या मुलखाला एकच रुपया मिळाला: वजन 180 ग्रेन, त्यात शुद्ध चांदी 165 ग्रेन. हेच वजन तोळ्याचे. म्हणून आपल्या घरांत केशर-कस्तुरीपासून औषधापर्यंत रुपयाभार वजन चालू झाले. तिकडे पेनीने औंस मोजला, इकडे रुपयाने तोळा.

यात कुणाचे काय गेले तेही नोंदवले पाहिजे. गावोगावच्या टांकसाळींवर जगणारे सोनार, ठसे कोरणारे, घणवाले यांचे काम एका पिढीत संपले. त्यांची नावेही आपल्याकडे राहिली नाहीत. चांदोरी रुपयावरची फारसी अक्षरे ज्याने उलटी, पोलादात, हाताने कोरली, त्याच्या हाताची सफाई कुठल्याही चित्रकाराच्या तोडीची होती. आपल्या जिल्ह्यात अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. त्या कारागिरांसाठी अशा ठिकाणी नाण्यांच्या जोडीने हत्यारांचाही अभ्यास वाढला पाहिजे: ठसे, ऐरणी, चिमटे, भट्ट्या. नाणी लाखोंनी उरली, हत्यारे फारच थोडी. जुन्या घरांतल्या अडगळीत असे काही दिसले तर ते भंगारात देऊ नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. 1817मध्ये जर्मनीत डीट्रिख उलहॉर्नने मळसूत्राऐवजी गुडघ्यासारख्या वाकणाऱ्या तरफेचा दाब काढला. तो आदळण्याऐवजी दाबतो, त्यामुळे ठसे जास्त टिकतात. आजचे दाब त्याच वंशातले, मिनिटाला सातशेच्या घरात नाणी पाडणारे. 1918मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, मुंबईत चक्क इंग्लंडचे सोन्याचे सॉव्हरिन पाडले गेले, त्यांवर इंडियाचा 'आय' आहे. 1940मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा खोट्या नाण्यांना आळा घालायला सरकारने काय केले? कडेच्या मधून एक खोबण काढली आणि तिच्यात नक्षी भरली. चांदी गेली तरी कड राहिली.

आणि आता तर नाण्याच्या धातूला किंमतच उरलेली नाही. पोलादाची चकती कुणी कशाला कातरील? तरीही कडेचे काम संपले नाही. 2011च्या मालिकेत दोन रुपयांचे नाणे 25 मिलिमीटरचे आणि पाचाचे 23 मिलिमीटरचे होते. मोठी किंमत, लहान नाणे. अंध माणसाला बोटांनी ओळखायचे तरी कसे? 2019च्या मालिकेत किंमत वाढेल तसे वजन आणि आकार वाढवत नेले: एक रुपया 20, दोन 23, पाच 25, दहा 27 मिलिमीटर. वीस रुपयांचे नाणेही 27 मिलिमीटरचेच, पण ते गोल नाही. त्याला बारा बाजू आहेत आणि कडेवर खाचा नाहीत. हे नाणे पाडायला पोलादी कडेही बाराकोनी लागते, आणि प्रत्येक चकती त्यात बिनचूक बसावी लागते. आपल्या टांकसाळींना ते सहज जमते. हाताच्या घणाला ते कधीच जमले नसते.

वेळ झाली आहे. मी काही नाणी सोबत आणली आहेत, चांदोरी रुपया आणि 1791चा पैसाही. ज्यांना हातात घेऊन पाहायची असतील त्यांनी जरूर पुढे यावे, आणि प्रश्नही विचारावेत.