टक्कर आधी दिशेत दिसते

जेऊर स्टेशनवरून जाणाऱ्या गाडीला रूळ असतो, सिग्नल असतो. समुद्रावर यातलं काहीच नाही. भरल्या जहाजाला थांबायलाच मैल-दीड मैल लागू शकतो. म्हणून तिथे टक्कर फार आधी ओळखावी लागते.

समजा, आपलं जहाज उत्तरेकडे ताशी १२ सागरी मैलांनी चाललं आहे. दुसरं एक जहाज आपल्यापासून ६ मैल उत्तरेला आणि साडेचार मैल पूर्वेला आहे, आणि ताशी ९ मैलांनी पश्चिमेकडे येतं आहे. मधलं अंतर साडेसात मैल. अर्ध्या तासात आपण ६ मैल पुढे जाऊ, ते साडेचार मैल सरकेल, आणि दोघं एकाच ठिकाणी पोहोचू! या सगळ्या वेळात होकायंत्रावर त्याची दिशा ३७ अंशांवरून हलत नाही. घटतं ते फक्त अंतर. तेच जहाज आणखी एक मैल पूर्वेला असतं, तर ०.८ मैल अंतर राखून आपल्या मागून गेलं असतं, आणि त्याची दिशा सरकताना दिसली असती.

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत हेच आहे: जवळ येणाऱ्या जहाजाची दिशा बदलत नसेल तर धोका माना. वाटा छेदत असतील तर ज्याच्या उजवीकडे दुसरं जहाज, त्याने वाट सोडायची. आपल्या उदाहरणात ती आपण सोडायची. तीही लवकर, आणि समोरच्याला स्पष्ट दिसेल इतकं वळून. रडारला जोडलेला संगणक हाच हिशोब सतत करत असतो.

उजनी धरणाच्या पाण्यावर होडी हाकणाऱ्यालाही हे डोळ्यांनी करता येतं. होडी सरळ ठेवा. दुसरी होडी आपल्या होडीच्या एकाच खांबाच्या रेषेत राहून मोठी होत गेली, तर लगेच वळा. याच पाण्यात २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्याने उलटली, सहा जण गेले. ते दुःख वेगळं, ती टक्कर नव्हती. तिथे हवामानाचा इशारा आणि लाइफ जॅकेटच हवं.

या गणिताचं एक गृहीतक मात्र फार महत्त्वाचं आहे: दोघांचा वेग आणि चालण्याची दिशा कायम राहील. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा जणांचे प्राण गेले. क्षणाक्षणाला वळणाऱ्या बोटीपुढे दिशेचा हिशोब करायला वेळच उरत नाही. माझ्या मते अशा चाचण्यांचं पाणी प्रवासी बोटींच्या वाटेपासून वेगळंच राखायला हवं.