पट्टी आधी, बोली नंतर

मैत्रिणींनो, आम्ही अक्कलकोट तालुक्यातला बचत गट. भाकरी थापत ऐकत असाल तर हात थांबवू नका, पण शेवटी थोडे आकडे येतील, तेव्हा पोरीला वही-पेन घेऊन जवळ बसवा. आजचा विषय आहे स्वस्तात माल घेऊन मोबाइलवर बोली लावून विकायचा धंदा. बऱ्याच गटांकडून विचारणा आली की, "अक्का, यात खरंच पैसा सुटतो का?" सुटतो. पण पट्टी आधी मांडली तरच.

पट्टी म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. दुधनीच्या बाजारात तूर घातली की पट्टी येते, सोलापूरला कांदा घातला की पट्टी येते. बोली किती झाली ते वर लिहिलेलं असतं. खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं. सगळं वजा करून उरतं ते आपलं. फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा घातला. किलोला एक रुपया भाव मिळाला. खर्च वजा जाता हातात दोन रुपयांचा धनादेश आला. बोली झाली ५१२ रुपयांची, घरी आले दोन रुपये.

मोबाइलवरच्या लिलावातही अशीच पट्टी असते. फक्त तिथं ती कुणी कागदावर लिहून देत नाही, आपली आपणच लिहावी लागते. एक फरक मात्र आपल्या फायद्याचा आहे. कांदा परत घरी आणायचा तर पुन्हा भाडं, आणि ठेवला तर सडतो, म्हणून मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. चादर सडत नाही. गोधडी सडत नाही. कुठल्या भावाच्या खाली द्यायची नाही, हे आपण आधी ठरवू शकतो.

आता हा धंदा आला कुठून ते थोडक्यात. आपल्या देशात बाजी डॉट कॉम नावाची लिलावाची साइट होती. २००४ साली अमेरिकेच्या ईबे कंपनीनं ती विकत घेतली. घरबसल्या माल मांडायचा, लोक बोली लावणार, मुदत संपताना ज्याची बोली जास्त त्याला माल. २०१८ साली ईबेचं भारतातलं हे दुकान बंद झालं. आज अशा बोली व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, फेसबुकवर चालतात. साड्यांच्या बोली तर तुम्ही पाहिल्याच असतील. यातून आम्ही एवढंच धरलं की साइट येते आणि जाते. माल कुठून आणायचा याची माहिती आणि गिऱ्हाइकाचा विश्वास या दोन गोष्टी आपल्याकडं राहतात. मेहनत त्यांच्यावर घ्यायची.

पहिला प्रश्न, बोलीला काय लावायचं? लिलावाला दोन गिऱ्हाइकं लागतात, दोघांना तीच वस्तू हवी असलेली. नवा कोरा टॉवेल बोलीला लावला तर भाव चढणार नाही, कारण तसाच टॉवेल दुसऱ्या दुकानात ठरलेल्या दरात मिळतो. म्हणून सरळ नियम करा. एकसारखा माल, म्हणजे चादरी, टॉवेल, नॅपकिन, ठरलेल्या भावानं विकायचा. एकुलती एक वस्तू असेल तर बोली. हातानं शिवलेली गोधडी, जिला आपल्याकडं कुणी कौदी म्हणतं, ती एकीसारखी दुसरी नसते. जुनी इरकल, जिचे काठ आता तसे विणत नाहीत, तीही एकुलती. आजीच्या काळातला पितळी डबा, अडकित्ता, तांब्याचा हंडा, हेही बोलीचं सामान.

दुसरा प्रश्न, माल आणायचा कुठून? मैत्रिणींनो, नफा विकताना दिसतो, पण होतो तो घेताना. आपण नशीबवान आहोत. सोलापूर इथून चाळीसेक किलोमीटर, आणि चादरी-टॉवेलांचे कारखाने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतच आहेत. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. म्हणजे सोलापुरात बनलेल्या मालालाच ते नाव लावता येतं. पण बाजारात पानिपतची चादर सोलापुरी म्हणून खपवली जाते. ती स्वस्त मिळते म्हणून आपण घेतली आणि सोलापुरी सांगून विकली, तर आपल्याच शेजारच्या विणकराच्या पोटावर पाय येतो. म्हणून घेताना कारखान्याचं बिल मागा आणि ते जपून ठेवा. पुढं गिऱ्हाइकानं विचारलं तर बिलाचा फोटो पाठवता येतो. त्या एका फोटोनं जेवढा विश्वास बसतो तेवढा दहा वेळा "अस्सल आहे" म्हणून बसत नाही.

चादर घेताना ती पूर्ण उलगडून बघा. नक्षी विणलेली आहे की छापलेली, ते उलट्या बाजूनं कळतं. पांढरा रुमाल ओला करून गडद रंगावर घासा, रंग उतरतो का ते दिसेल. टेपनं लांबी-रुंदी मोजा, काट्यावर वजन करा. कारखान्यात थोडी खोट असलेला माल वेगळा काढलेला असतो, एखादा धागा सुटलेला, एखादा डाग. तो स्वस्त मिळतो, आणि आमचा अनुभव असा की तोच आधी संपतो. अट एकच. जिथं खोट आहे तिथं बोट ठेवून फोटो काढायचा आणि तो फोटो सगळ्यात आधी टाकायचा. पहिल्या खेपेला पाचच नग आणा. पाच खपले की दहा.

जुन्या वस्तूंबाबत जास्त जपा. घरोघरी जाऊन घेत असाल तर वहीवर विकणाऱ्याची सही घ्या, तारीख आणि रक्कम लिहा. घरातल्या बाईला न विचारता कुणी तिचा हंडा विकायला आणला, तर घेऊ नका. देवळातली मूर्ती, ताम्रपट, पोथी असलं काही आलं तर हातही लावू नका. १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुन्या मूर्ती आणि कलावस्तू पुरावशेष ठरतात, हस्तलिखितांना तर ७५ वर्षंच पुरतात. परवान्याशिवाय त्यांचा धंदा करता येत नाही आणि आपल्याला त्या परदेशी पाठवताच येत नाहीत.

आता वही उघडा, पट्टी मांडू. आकडे समजायला सोपे धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

एक चादर ४०० रुपयांना घेतली. सोलापूरला जायचं-यायचं भाडं, चादरीमागं २० रुपये. पिशवी, चिकटपट्टी, खोका मिळून २०. पार्सल ९०. दहांतलं एखादं परत येतं, त्यासाठी बाजूला २०. झाले ५५०. फोटो काढणारी, बांधणारी, पोस्टात जाणारी आपलीच मैत्रीण आहे, तिच्या वेळाचे ४०. ते धरलेच पाहिजेत. बाईचं काम फुकटात धरलं की धंदा फायद्यात दिसतो आणि बाई तोट्यात जाते. आता झाले ५९०. साइटवर विकलं आणि साइटनं शंभराला दहा घेतले, तर ६०० ला विकून ६० तिकडं गेले. हातात ५४०. वर पाहिलं तर ४०० ची चादर ६०० ला गेली, २०० सुटले असं वाटतं. पट्टीत पाहिलं तर ५० रुपये पदरचे गेले. या चादरीचा भाव ६६० च्या खाली धरायचाच नाही. ६६० ला गेली तर फक्त खर्च निघतो, त्याच्या वर गेली तर नफा. बोलीच्या वस्तूलाही असाच हिशेब करायचा. हा कमीत कमी भाव वहीत आधी लिहायचा आणि बोलीची सुरुवात तिथूनच करायची. कुणी नाही बोललं तर वस्तू घरी ठेवायची. उद्या पुन्हा लावता येते.

पार्सलचा एक बारकावा. बऱ्याच कुरियर कंपन्या नुसतं काट्यावरचं वजन बघत नाहीत, आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करतात आणि ५००० नं भागतात. गोधडी तीन किलोची, पण खोका ४० बाय ३० बाय २५ चा असेल तर वजन धरतात सहा किलो. पैसे दुप्पट. गोधडी घट्ट गुंडाळून दोरीनं आवळा, लहान खोक्यात बसवा. कुरियर आणि पोस्ट, दोन्हीकडं दर विचारून मगच गिऱ्हाइकाला खर्च सांगा.

गटाचा पैसा किती घालायचा? तो पैसा सगळ्यांच्या बचतीचा आहे, कुणाच्या आजारपणाला, कुणाच्या फीला लागणार आहे. आम्ही ठरवलंय की शिलकेच्या चौथ्या हिश्शाहून जास्त माल भरायचा नाही. आणि जास्त नफ्यापेक्षा लवकर फिरणारा माल बघायचा. १०,००० रुपये महिन्यात शंभराला आठ देऊन परत आले आणि पुन्हा फिरले, तर तीन महिन्यांत २,४०० सुटतात. तेच १०,००० शंभराला पंधरा देणाऱ्या मालात तीन महिने अडकले, तर १,५०० च.

गिऱ्हाईक कुठून मिळवायचं? अक्कलकोटात ते पायानं चालत येतं. गुरुवारी, पौर्णिमेला स्वामींच्या दर्शनाला पुण्या-मुंबईकडून किती माणसं येतात. चादर घेणाऱ्या ताईंना विचारा, "ताई, आमच्याकडं गोधड्यांची बोली असते, नंबर घालू का?" हो म्हणाल्या तरच घाला. असे शंभर नंबर हजार अनोळखी नंबरांपेक्षा बरे.

बोलीचे नियम ग्रुपवर आधी टाका. बोली रात्री आठला बंद. प्रत्येक वाढ किमान २० रुपयांची. पैसे चोवीस तासांत आले नाहीत तर वस्तू दुसऱ्या बोलीवाल्याला. यावरून आमच्या बैठकीत एकदा चांगलीच चर्चा झाली. एक मैत्रीण म्हणाली, "भाऊजींना ग्रुपमध्ये घेऊ, ते मधूनमधून बोली वाढवतील, म्हणजे भाव चढेल." काही जणींना पटलं. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू म्हणाल्या, "अगं, बाजारात व्यापारी संगनमत करून भाव पाडतात तेव्हा आपण बोटं मोडतो. मग चढवायला खोटा माणूस बसवला तर आपण कोण?" तो विषय तिथंच मिटला. घरच्यांनी बोली लावायची नाही, हा नियम आता वहीच्या पहिल्या पानावर आहे.

शेवटी सावधगिरी. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी म्हणालं, "हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील," तर फोन ठेवा. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. जुनी नोट किंवा नाणं लाखाला विकून देतो, आधी फी भरा, असं सांगणारेही आहेत. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की बँक असल्या व्यवहारात नाही आणि कुणाकडून फीही मागत नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

कागदांचं सांगायचं तर, १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवायही साइटवर माल विकता येतो, पण आपल्या राज्यातल्या राज्यातच, आणि त्यासाठी पॅनवर नावनोंदणी करावी लागते. कलबुर्गी आपल्याला शेजार वाटतं, पण कायद्याला ते परराज्य. साइटवरून तिकडं विकायचं असेल तर आधी कर सल्लागाराला विचारा. शेंगाचटणीसारखा खायचा माल असेल तर अन्न परवान्याचं वेगळं बघावं लागतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. एकच वस्तू समोर ठेवा आणि तिची पट्टी सगळ्याजणी मिळून लिहा. घेतली कितीला, भाडं, बांधणी, पार्सल, परतीचं, आपली मजुरी, साइटचा वाटा. खाली ठळक अक्षरात कमीत कमी भाव. ज्या मैत्रिणीला लिहिता येत नाही तिला तो आकडा तोंडपाठ करायला लावा, कारण फोनवर घासाघीस करायची वेळ तिच्यावरही येणार आहे. हिशेब जुळला तर पाच नग आणा. नाही जुळला तर आणू नका, तुमचे पैसे वाचले.

तुमची पट्टी आम्हाला रेडिओच्या पत्त्यावर पाठवा. तुमच्याकडून नवं काही शिकायला मिळालं तर आम्हालाही हवंच आहे.