कोलॅजेनचा डबा
(आपल्या सेक्टर ३२ मधील गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी गाणी होतात, नाट्यछटा होतात. तिथे उभे राहून कोलॅजेनवर बोलायचे म्हणजे जरा रसभंगच! पण याला कारण आपल्यातल्याच एक वहिनी आहेत. नाव सांगत नाही, हकिगत मात्र त्यांच्या परवानगीने सांगते आहे.

गेल्या हिवाळ्यात त्या एक डबा घेऊन माझ्याकडे आल्या. मुलाने पाठवलेली कोलॅजेनची पावडर. गुडघे दुखतात, शिवाय चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही जातील, म्हणून दहा महिने रोज पाण्यातून घेत होत्या. मी जन्मभर जीवरसायनशास्त्र शिकवले, म्हणून विचारायला आल्या, "याने फरक पडत असेल ना हो, काकू?" डब्यावरची बारीक अक्षरे वाचता वाचता मी थांबले. पावडर माशांच्या कातडीपासून केलेली होती आणि कोपऱ्यात चौकटीतला तपकिरी त्रिकोणही होता. ज्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण येत नाही, त्या घरात!

वहिनींना धक्का बसला तो याचा. मला बसला तो पुढचे ऐकून. डब्यावर 'प्रोटीन' लिहिले आहे म्हणून त्यांनी रात्रीचे वरण आणि दूध बंद केले होते. हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचे तेही पुढे ढकलले होते. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आपल्याच सेक्टरमध्ये असताना!

कोलॅजेन ही काही नवी जादू नव्हे. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा कोलॅजेनचा असतो. कातडी, हाडे, कूर्चा, स्नायूबंध यांना तेच बांधून ठेवते. त्याची रचना उलगडण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १९५४ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी दाखवले, की कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या वेणीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. त्यासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतले तंतू वापरले होते. वर्गात हे सांगितले की शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा जागी व्हायची.

आता ही वेणी आपण गिळली तर ती सरळ गालावर जाऊन बसते का? नाही. पावडरीत ती आधीच तुकडे करून घातलेली असते, पोटात तिचे आणखी तुकडे होतात. काही छोटे तुकडे रक्तात पोचतात, हे खरे आहे आणि कंपन्या त्याचाच आधार घेतात. पण नवे कोलॅजेन कुठे आणि किती विणायचे हे शरीर ठरवते. त्या विणकामाला क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्याने पूर्वी दर्यावर्दी खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचे.

चाचण्या भरपूर झाल्या आहेत. २०२५ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, त्यात १,४७४ माणसे होती. सगळ्या चाचण्या मिळून पाहिल्या तर त्वचेचा ओलावा, लवचिकपणा आणि सुरकुत्या यांत सुधारणा दिसली. पण कंपन्यांच्या पैशाशिवाय झालेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तेव्हा तो फरक उरला नाही. यापुढे माझी टिप्पणी नको. सांध्यांचेही तसेच. काही चाचण्यांत दुखणे थोडे कमी झाले, पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ साली सांध्यांबद्दलचा दावा पुरावा पुरेसा नाही म्हणून मान्य केला नाही.

प्रथिन म्हणूनही कोलॅजेन अपुरेच. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसते. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. वरण, दूध, दही, उसळ यांची जागा ही पावडर घेऊ शकत नाही. आणि 'शाकाहारी कोलॅजेन' म्हणून जे मिळते त्यात सहसा कोलॅजेन नसतेच, क जीवनसत्त्व आणि अमिनो आम्ले असतात. मग इथल्या थंडीतला पेरू काय वाईट? शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते.

चेहऱ्याची काळजी असेल तर चंडीगढच्या मे महिन्यातले ऊन आठवा. ऊन कातडीतले कोलॅजेन तोडते. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षे रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा इतरांपेक्षा कमी म्हातारी झाली, हे २०१३ साली प्रसिद्ध झाले आहे. टोपी, छत्री, ओढणी यांना तर तेवढाही खर्च नाही.

वहिनींना मी दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन गेले. गुडघ्याची झीज निघाली. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन कमी करणे हे दोन उपाय मिळाले. एक किलो वजन उतरले की चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी उतरतो. (आज मोदक आहेत, म्हणून हे हळूच सांगते.) वरण पुन्हा सुरू झाले. परवा आरतीला त्या पूर्ण वेळ उभ्या होत्या. दुखणे गेलेले नाही, कमी आहे.

"मग घेऊच नये का?" असे खाली बसलेल्या दोघीतिघींनी आताच विचारले. मासे चालतात, पैसे आहेत आणि हौस आहे, तर घ्या. चाचण्यांत फारसा अपाय दिसलेला नाही. माशांची ॲलर्जी असेल त्यांनी घेऊ नये, मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि डबा उघडण्यापूर्वी मागची बाजू वाचा. 'औषधी वापरासाठी नाही' या अर्थाची ओळ तिथे छापावीच लागते.