दोन पेट्या जोडल्या म्हणजे काय वाढतें ?

गेल्या महिन्यांत सकाळीं फिरावयास निघालों असतां सावेडीला राहणारे माझे एक स्नेही मला वाटेंत भेटले आणि म्हणाले, "मास्तर, मी विजेची एक पेटी घेतली आहे. आणखी एक घेऊन दोन्ही एकमेकींना जोडल्या, म्हणजे सारें दुप्पट होईल ना ?" मीं त्यांना उलट विचारलें, "तुम्हांला दुप्पट काय व्हावयास पाहिजे आहे ?" या प्रश्नाचा त्यांना थोडा राग आला असावा. पैसे खर्च करण्यास तयार झालेल्या मनुष्याला असा प्रश्न केला कीं विचारणारा त्याला विनाकारण खोडा घालणारा वाटतो. परंतु श्रोतेहो, माझ्या आजच्या भाषणाचा सारा विषय त्या एका प्रश्नांतच आहे.

ज्या पेटीविषयीं मी बोलत आहें ती आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. बाजारांत तिला पोर्टेबल पॉवर स्टेशन असें भारदस्त नांव आहे. वर उचलावयास मूठ, पुढें प्लगचीं भोंकें, आणि आंत लिथियमचे घट, ते भरणारें चार्जर, घटांतील विजेची घरगुती वीज करणारा इन्व्हर्टर व या सर्वांवर नजर ठेवणारें एक नियंत्रक मंडल. जिन्याखालचा इन्व्हर्टर आणि त्याची पाण्याची बॅटरी हीं दोन्ही एकाच डब्यांत बसवून त्या डब्याला मूठ लावली, असें म्हटलें तरी चालेल.

अशा पेटीवर दोन आंकडे छापलेले असतात. एक वॅटचा व दुसरा वॅट-तासांचा. माझ्या स्नेह्यांच्या पेटीवर दोन्हीकडे १००० हाच आंकडा होता आणि त्यामुळेंच त्यांचा घोटाळा झाला होता. वॅट म्हणजे एका क्षणीं पेटी किती भार उचलूं शकते तें. वॅट-तास म्हणजे तिच्या पोटांत एकंदर किती सांठा आहे तें. हा भेद समजावून घेण्यास आपल्या जिल्ह्याबाहेर जावयास नको. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, पण आम्हां जुन्या मंडळींच्या तोंडीं अजून नगरच येतें. तर या आपल्या नगर जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांत, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या पश्चिमेस घाटघर म्हणून गांव आहे. तेथें सह्याद्रीच्या ऐन कड्यावर एक तलाव बांधलेला असून कड्याच्या पायथ्याशीं, ठाणे जिल्ह्याच्या हद्दींत, दुसरा तलाव आहे. विजेची मागणी कमी असेल तेव्हां बाहेरची वीज घेऊन खालचें पाणी वर चढवावयाचें, आणि मागणी वाढली कीं तेंच पाणी सुमारें ४०० मीटर खालीं सोडून वीज परत मिळवावयाची, अशी ही योजना. २००८ सालीं ती चालू झाली. जमिनीच्या पोटांतल्या दालनांत प्रत्येकीं १२५ मेगावॅटचीं दोन यंत्रें आहेत. दोन्ही मिळून २५० मेगावॅट. ही एक प्रचंड बॅटरीच म्हणावयाची, फक्त तिच्यांत आम्लाऐवजीं प्रवरेचें पाणी आहे.

आतां कल्पना करा, कीं तेथें आणखी दोन यंत्रें बसविलीं. एका क्षणीं मिळणारी वीज दुप्पट होईल खरी. पण वरच्या तलावांतलें पाणी तेवढेंच असल्यामुळें तें निम्म्या वेळांत संपेल. उलट, यंत्रें तींच ठेवून तलाव दुप्पट केला, तर वीज पूर्वींइतकीच, पण दुप्पट वेळ मिळेल. यंत्रांचा आंकडा तो वॅट, तलावाचा आंकडा तो वॅट-तास.

"मग मला वेळ पाहिजे," स्नेही म्हणाले. "आईला रात्रीं प्राणवायूचें यंत्र लावावें लागतें."

हें ऐकल्यावर मी त्यांना घरीं घेऊन आलों आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलों. हवेंतून प्राणवायू वेगळा करणारें पांच लिटरचें घरगुती यंत्र साधारणपणें ३५० वॅट वीज घेतें. पेटींत १००० वॅट-तास आहेत, पण घटांतली वीज घरगुती विजेंत बदलतांना कांहीं भाग उष्णतेच्या रूपानें जातो. हातीं ८५० धरावे. ८५० ला ३५० नें भागा : अडीच तासांहूनही कमी. त्यांचा चेहरा उतरला. पेटी विकणाऱ्यानें मोबाईल किती वेळां भरतां येईल तें सांगितलें होतें. तो हिशेब खोटा नव्हता, परंतु तो त्यांच्या घरचा हिशेब नव्हता.

मी या विषयावर इतक्या कळकळीनें बोलतों याला कारण आहे. कांहीं वर्षांपूर्वीं माझे वडील अंथरुणाला खिळले असतां त्यांना असेंच यंत्र रात्रंदिवस लावावें लागत असे. घरांत १२ व्होल्टचा इन्व्हर्टर व १५० अँपियर-तासांची, चार वर्षें वापरलेली बॅटरी होती. ती पुरी पडेना, म्हणून मीं तितक्याच अँपियर-तासांची नवी बॅटरी आणली. दुकानदारानें दोन जाड तारांनीं धनाला धन व ऋणाला ऋण जोडून दिलें आणि निश्चिंत झोपावयास सांगितलें. त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. जोडणी मीं डोळ्यांदेखत करून घेतली होती आणि हा धडा मी शाळेंत वीस वर्षें शिकवीत आलों होतों. वैशाखांत एके रात्रीं वळवाच्या वाऱ्यानें कोठें तरी झाड तारांवर पडलें आणि नवाच्या सुमारास वीज गेली. एका बॅटरीचे तीन तास, दोहोंचे सहा, असा माझा हिशेब. पावणेबारालाच इन्व्हर्टर किंचाळूं लागला. जिन्याखालीं गेलों तों कुजलेल्या अंड्यासारखा उग्र वास, आणि जुनी बॅटरी हाताला चांगलीच गरम लागत होती. शेजाऱ्यांच्या ओळखीनें प्राणवायूचा सिलिंडर मिळाला म्हणून ती रात्र निभावली. तो येईपर्यंत चाळीस मिनिटें वडील उशांना टेकून बसले होते. त्या वेळांत ते एक शब्दही बोलले नाहींत, आणि मीही बोललों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं बॅटरीच्या एकेका घटांतील आम्लाची घनता मापली. बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे दोन दोन व्होल्टचे सहा घट एकापुढें एक जोडलेले. जुनीचा एक घट आंतल्या आंत शॉर्ट होऊन मेलेला होता. म्हणजे ती बारा व्होल्टची न राहतां दहाची झाली होती, आणि तिच्या शेजारीं मीं ताजी, पुऱ्या दाबाची बॅटरी बांधली होती. दोन रांजण तळाशीं नळीनें जोडले आणि एकाला भोंक असलें, तर भरलेला रांजण भोंकाच्या रांजणाला पाणी पुरवीत राहतो. घरच्या माणसांना तें मिळत नाहीं. नव्या बॅटरीची शक्ति माझ्या वडिलांच्या यंत्राकडे जाण्याऐवजीं बरीचशी जुनीच्या उरलेल्या पांच घटांना उकळविण्यांत गेली. दोन बॅटऱ्यांनीं एका चांगल्या बॅटरीइतकाही वेळ दिला नाहीं तो यामुळें.

शाळेंतल्या पुस्तकांत या जोडणीला समांतर जोडणी म्हणतात. तींत दाब तोच राहतो व अँपियर-तास वाढतात. एकीचें धन दुसरीच्या ऋणाला लावलें तर ती एकसर जोडणी. तींत दाब दुप्पट होतो, अँपियर-तास वाढत नाहींत. १२ व्होल्ट व ३०० अँपियर-तास घ्या किंवा २४ व्होल्ट व १५० अँपियर-तास घ्या, गुणाकार ३६०० वॅट-तासच येतो. तेव्हां जोडण्याच्या युक्तीनें सांठा वाढत नसतो. घटांची संख्या वाढते म्हणून सांठा वाढतो. आणि जोड कोणतीही असो, घट एकाच जातीचे, एकाच वयाचे व सारखे भरलेले पाहिजेत. समांतर जोडींत दुबळा सबळाला पितो, एकसर जोडींत दुबळा सबळाला अडवितो. नव्या बैलाशेजारीं थकलेला बैल जुंपूं नये हें आपल्याकडे शेतकऱ्याला कोणी शिकवावें लागत नाहीं.

लिथियमच्या पेट्यांत ही गोष्ट अधिकच नाजूक आहे. यांतील पुष्कळ पेट्यांत लिथियम-लोह-फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे घट असतात. भरलेल्या व अर्ध्या रिकाम्या घटाच्या दाबांत फारच थोडा फरक असतो. त्यामुळें नुसता दाब मापून सांठ्याचा अंदाज नीट येत नाहीं, आणि घटांचा आंतला विरोध इतका कमी, कीं दोन असमान समूह एकदम जोडले तर क्षणभर प्रचंड प्रवाह वाहतो. म्हणून पेटी उघडून तारा काढण्याच्या भानगडींत गृहस्थानें पडूं नये. निर्मात्यांनीं स्वतःच जोडण्याचे दोन मार्ग ठेवले आहेत. पहिला पूरक पेटीचा. या पूरक पेटींत इन्व्हर्टर नसतो, केवळ घट व त्यांचा राखणदार असतो. ती जाड तारेनें मूळ पेटीला लावली कीं दोघींचे राखणदार एकमेकांशीं बोलतात, आणि दोन्ही समूह एका पातळीवर येईपर्यंत एकाला आवरून धरतात. येथें तलाव वाढला, यंत्र तेंच राहिलें. दुसरा मार्ग दोन पूर्ण पेट्या निर्मात्यानें दिलेल्या खास जोडणीनें एकत्र चालविण्याचा. येथें यंत्रें दोन व तलावही दोन. वॅट व वॅट-तास दोन्ही वाढतात. मात्र सगळ्याच पेट्यांना ही सोय नसते, आणि एका निर्मात्याची पेटी दुसऱ्याच्या पेटीशीं जुळत नाहीं.

खास जोडणी कां लागते तेंही सांगतों, कारण यांतच मोठा धोका आहे. घरगुती वीज सेकंदाला ५० वेळां वरखालीं होणारी लाट आहे. २३० व्होल्ट आपण म्हणतों, पण लाटेचा माथा ३२५ व्होल्टपर्यंत जातो. दोन स्वतंत्र पेट्यांचीं भोंकें साध्या तारेनें जोडलीं आणि एकीची लाट माथ्यावर असतां दुसरीची तळाशीं असली, तर दोहोंत ६५० व्होल्टचें अंतर पडतें. पेट्या जळतात, जवळ असणाऱ्याचा हातही जळतो. याहून वाईट म्हणजे दोन्ही टोकांना पिना असलेली तार करून पेटीची वीज भिंतींतल्या प्लगमध्यें घुसविणें. मुख्य बटन बंद करावयाचें राहिलें कीं ती वीज मीटरमधून बाहेर, खांबावर जाते, आणि रोहित्रांतून उलट वाटेनें चढून ११,००० व्होल्टच्या तारांत उतरूं शकते. त्याच वेळीं त्या तारांवर, वीज बंद आहे अशा समजुतीनें, आपल्याचसाठीं कोणी वायरमन चढलेला असतो.

एक पेटी दुसरीवर भरण्याचीही कित्येकांना हौस असते. तें चालतें, पण दर बदलाला कांहीं जकात द्यावी लागते. दुसरीच्या शंभरांपैकीं सत्तर-बाहत्तर हातीं येतात. त्यापेक्षां एका पेटीवर यंत्र व दुसरीवर पंखा-दिवे असे भार वांटून देणें शहाणपणाचें.

माझ्या स्नेह्यांना वॅटची टंचाई नव्हती. ३५० च्या भाराला १००० चें यंत्र पुरेसें होतें. त्यांना तलाव पाहिजे होता. त्यांच्या पेटीला २००० वॅट-तासांची पूरक पेटी मिळत होती. मिळून ३०००, हातीं २५५०, म्हणजे सात तासांवर. ते लगेच म्हणाले, "मग पाण्याचा पंपही लावतों." एक अश्वशक्तीचा तो पंप चालतांनाच हजार वॅटच्या घरांत जातो, आणि सुरू होतांना क्षणभर त्याच्या कित्येक पट मागतो, पेटी लागलीच बंद पडली असती, व तिच्याबरोबर आईचें यंत्रही. मीं त्यांना वीज असतांनाच गच्चीवरची टांकी भरून ठेवावयास सांगितलें. गच्चीवरची टांकी म्हणजे प्रत्येकाच्या घरचें छोटें घाटघरच आहे.

एक गोष्ट त्यांच्याही ध्यानांत आली नव्हती, आणि माझ्याही उशीरां आली. तलाव तिप्पट झाला, पण भरणारी नळी तीच राहिली. चार्जर ५०० वॅटचा असेल, तर ३००० वॅट-तास भरावयास सहा तासांच्या वर लागतात. मध्यें वीज दोनच तास येऊन पुन्हां गेली, तर तेवढ्यांत तिसरा हिस्साही भरत नाहीं. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानें भरलेला एक सिलिंडर त्यांनीं घरांत ठेवलाच आहे, आणि माझा त्यांना आग्रह होता, कीं वीज असलेल्या एखाद्या दिवशीं, डॉक्टरांना विचारून व सिलिंडर जवळ ठेवून, यंत्र एकदां पेटीवर चालवून घड्याळ लावून पाहावें.

परवां ते पुन्हां भेटले. त्यांनीं तसें करून पाहिलें होतें : सहा तास पन्नास मिनिटें. माझ्या हिशेबापेक्षां ते थोडे कमी भरले. तो आंकडा त्यांनीं कागदावर लिहून पेटीच्या झाकणावर चिकटविला आहे, आणि त्याखालीं सिलिंडरवाल्याचा दूरध्वनिक्रमांक.