टोळीतील निष्ठा आणि संघटनेतील निष्ठा
(नाशिक येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



'युवक आणि संघटना' असा विषय आपण मला दिला होता आणि त्यावर चार बऱ्या गोष्टी सांगण्याची तयारी करून मी निघालो होतो. परंतु काल सायंकाळी सातपूरकडून येताना वाटेत अर्धा तास अडकून पडलो, आणि विषय तोच राहिला तरी भाषण बदलले. समोरून पन्नास-साठ मोटारसायकली येत होत्या. एकेका गाडीवर तिघे, भोंगे अखंड चालू, आणि पुढे उघड्या जीपमध्ये गळ्यात हार घातलेला तिशीच्या आतला एक तरुण. "काका, भाईचा वाढदिवस आहे, जरा दम धरा," असे रिक्षावाल्याने मला सांगितले. चौकातील फलकावर त्या तरुणाचे भले मोठे छायाचित्र होते आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून तीस-चाळीस लहान चेहरे दाटीवाटीने बसवले होते. मी त्या लहान चेहऱ्यांकडेच पाहत राहिलो. त्यांतला एक मला ओळखीचा वाटला. त्याच्याविषयी शेवटी बोलेन.

आपल्या बैठकीला ही मुले येत नाहीत. भाईच्या एका निरोपावर मात्र कामाचा खाडा करून येतात. असे का व्हावे? भीतीमुळे, हे एक उत्तर; पैशासाठी, हे दुसरे. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण ती दिली की आपल्याकडे काही उणे आहे काय हे पाहण्याची गरज उरत नाही. वस्तुतः यांतील बहुतेकांना पेट्रोल आणि एका वेळची बिर्याणी यापलीकडे काही मिळत नाही. ज्याला ते भितात त्याच्याच गळ्यात हात टाकून त्यांना छायाचित्र काढून घ्यावयाचे असते.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी थोडे दूर जातो. कायद्याबाहेरचे म्हणवून घेण्यातच भूषण मानणारे मोटारसायकलस्वारांचे क्लब अमेरिकेत आहेत. त्यांतला सर्वांत गाजलेला 'हेल्स एंजल्स' 1948 साली कॅलिफोर्नियात निघाला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले आणि शांततेच्या काळातील नोकरी-संसारात मन न रमणारे अनेक तरुण त्या काळी अशा क्लबांकडे वळले. 1947 साली हॉलिस्टर या गावी मोटारसायकलींच्या मेळाव्यात दंगा झाला. त्यानंतर, शंभरांतले नव्याण्णव स्वार सभ्य असतात असे अमेरिकेच्या मोटारसायकल संघटनेने म्हटल्याची आख्यायिका पसरली. आपण असे म्हटल्याची नोंद नाही, असे त्या संघटनेनेच पुढे सांगितले; पण तोवर उरलेला एक टक्का म्हणजे आम्हीच, असा बिल्ला या क्लबांनी छातीवर लावला होता. समाजाने दिलेली शिवी उचलून तिचे बिरुद करणे ही कला आपल्याही राजकारणाला अपरिचित नाही.

या क्लबांचा कारभार कसा चालतो हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. प्रत्येक शाखेला अध्यक्ष असतो, उपाध्यक्ष असतो, चिटणीस आणि खजिनदार असतो. शिस्त राखणारा एक स्वतंत्र पदाधिकारी असतो. वर्गणी असते. ठरल्या दिवशी बैठक भरते, मतदान होते. नवा माणूस एकदम सभासद होत नाही. प्रथम नुसता ओळखीचा म्हणून वावरतो, मग काही महिने किंवा वर्ष-दोन वर्षे उमेदवारी करतो; त्या काळात सांगेल ते काम, अगदी गाड्या राखण्यापासून झाडू मारण्यापर्यंत, त्याला करावे लागते. मग बहुधा सर्वांच्या एकमताने त्याला पाठीवर लावावयाचे पूर्ण चिन्ह मिळते. कागदावर पाहिले तर ही घटना आपल्या पक्षाच्या घटनेपेक्षा फारशी वेगळी नाही, आणि बैठका नियमित भरतात एवढ्यापुरती ती सरसच म्हणावी लागेल! स्त्रियांना सभासदत्व नाही. 'अमक्याची मालमत्ता' असे शब्द शिवलेले जाकीट घालण्यापुरते त्यांचे स्थान. कृष्णवर्णीयांनाही या क्लबाचे दार परंपरेने बंदच राहिले. बंधुत्वाच्या गोष्टी बोलणाऱ्यांचे बंधुत्व कोणापर्यंत पोहोचते हे यावरून कळते.

निवडणूक असूनही तेथे लोकशाही नाही. याचे कारण शोधायचे तर आत येण्याचा दरवाजा सोडून बाहेर जाण्याचा दरवाजा पाहावा लागतो. पाठीवरचे ते चिन्ह सभासदाच्या मालकीचे नसते, क्लबाचे असते. तो गेला तर ते परत करावे लागते. बरेपणाने गेला तर ठीक; क्लबाच्या मते वाईट रीतीने गेला तर जुने सोबतीच त्याचे वैरी होतात आणि अंगावर गोंदवलेले चिन्हसुद्धा मिटवावे लागते. दरम्यानच्या वर्षांत त्याने बाहेरचे सर्व सोडलेले असते. नोकरी सुटलेली, नातलग तुटलेले, आणि पोलिसांच्या दप्तरी नाव. अशा माणसाने बैठकीत हात वर करून अध्यक्षाच्या विरुद्ध मत द्यावे ही अपेक्षा कोण करील? अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एक छोटे पुस्तक लिहिले. संस्था बिघडू लागली की सभासदापुढे दोन मार्ग असतात, बाहेर पडणे किंवा आत राहून आवाज उठवणे, हा त्याचा विषय. बाहेर पडता येते म्हणून आतल्या आवाजाला वजन येते, हे त्यातले मर्म मला येथे महत्त्वाचे वाटते.

हा दरवाजा बंद झाला म्हणजे काय होते याचे उदाहरण कॅनडात घडले. 24 मार्च 1985 रोजी क्वेबेक प्रांतातील लेनॉक्सव्हिल येथे हेल्स एंजल्सने आपल्याच एका शाखेच्या पाच सभासदांना बैठकीसाठी बोलावून गोळ्या घातल्या आणि प्रेते सेंट लॉरेन्स नदीत टाकली. व्यसने वाढली आणि हिशेबात खोट केली, हा त्यांच्यावरील आरोप. त्याच शाखेचा एक नामांकित मारेकरी त्या वेळी व्यसनमुक्ती केंद्रात होता म्हणून वाचला. तो पुढे सरकारी साक्षीदार झाला आणि त्रेचाळीस खुनांतील आपला भाग त्याने कबूल केला. 2006 च्या एप्रिलमध्ये ऑन्टारिओ प्रांतात 'बँडिडोज' क्लबाच्या आठ जणांना त्यांच्याच क्लबाच्या लोकांनी ठार मारले. एकमेकांसाठी मरण्याच्या शपथा घेतलेले हे भाऊ. एका रात्रीत एवढी माणसे मारणे शत्रूच्या टोळीला क्वचितच साधले असेल.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. कायद्याबाहेर गेलेल्यांची परंपरा आपल्याला नवी नाही. पेशवाई बुडाल्यावर डोंगरी किल्ल्यांची राखण गेली, नाईकांचे हक्क आटले, आणि महादेव कोळी व भिल्ल नाईकांची बंडे अकोले-सिन्नरच्या डोंगरांत वारंवार उठली. राघोजी भांगरे यांचा रोख सावकारांवर होता. 1848 साली त्यांना पंढरपुरात पकडून 2 मे रोजी ठाण्यास फाशी दिले. भागोजी नाईक यांची हकिकत मला अधिक बोलकी वाटते. ते पोलिसात अंमलदार होते. 1855 साली पोलिसांच्या कामात अडथळा केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली, आणि सुटल्यावर एक वर्ष सद्वर्तनाचा जामीन त्यांच्याकडून मागण्यात आला. ते वर्ष सरले. मग सरसकट शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम आला, तेव्हा ते नांदूर शिंगोटे सोडून डोंगरात गेले. 4 ऑक्टोबर 1857 रोजी पोलीस अधीक्षक हेन्री त्यांच्याशी झालेल्या चकमकीत मारला गेला. पुढे दोन वर्षे त्यांचा पाठलाग चालला आणि 1859 च्या नोव्हेंबरमध्ये सिन्नर तालुक्यात मिठसागरे येथे ते पडले. त्यांच्यावर सोडण्यासाठी सरकारने कोळ्यांची पलटण उभारली, आणि तिच्या अंमलदारांत राघोजी भांगरे यांच्या एका भावाला घेतले असे गॅझेटियर सांगते. ज्याच्या भावाला नऊ-दहा वर्षांपूर्वी फाशी दिले त्यालाच बंडवाल्यांच्या मागे पाठवणारे ते राज्य माणसांचे अडलेपण किती बारकाईने जाणत होते!

एरिक हॉब्सबॉम यांनी अशा बंडवाल्यांना 'सामाजिक दरोडेखोर' म्हटले, आणि त्यांच्यावर टीकाही झाली की असे पुष्कळ दरोडेखोर शेवटी जमीनदारांच्याच कामी आले. तो वाद विद्वानांकडे सोपवू. मला दिसणारा फरक साधा आहे. नाईकाचा अधिकार त्याच्या गावातून आणि नात्यातून आलेला असे. गाव उपाशी ठेवून त्याला नाईकी करता येत नसे, कारण त्याला भाकरी आणि आसरा तेच देत. आजच्या भाईला गाव नाही.

हे गावच कसे नाहीसे होते ते मुंबईच्या गिरणगावाने पाहिले. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्यांतील फार मोठी संख्या पुन्हा गिरणीत गेलीच नाही. चाळ, व्यायामशाळा, गणेशोत्सव, युनियनचे कार्यालय, खानावळ यांनी मिळून जे गाव उभे केले होते ते खिळखिळे झाले. टोळ्या संपापूर्वीही होत्या. संपाने टोळ्या जन्माला घातल्या असे म्हणणे ढोबळपणाचे होईल. पण बेकार बापाच्या घरातील मुलाला दुसरा आधार उरला नाही तेव्हा दगडी चाळीचे दार उघडे होते. तेथील अरुण गवळी यांनी पक्ष काढला, 2004 साली ते आमदार झाले, आणि 2012 साली नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या खुनाबद्दल त्यांना जन्मठेप झाली. दाऊद इब्राहिमचा एके काळचा विश्वासू छोटा राजन 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर उघडपणे वेगळा झाला, आणि 2000 साली बँकॉकमध्ये जुन्या सोबत्यांच्या माणसांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. म्होरक्यालाही राजीनामा देता येत नाही. खालच्यांना बांधण्यासाठी वळलेल्या दोराचे दुसरे टोक त्याच्या स्वतःच्या गळ्यात असते.

2025 च्या ऑक्टोबरात आपल्या शहरात पोलिसांनी गुंडांना धरून त्यांच्याकडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' असे हात जोडून वदवून घेतले. ती चित्रे घरोघर पाहिली गेली आणि आपल्यातल्याही अनेकांना त्यात समाधान वाटले. गुंडांना वचक बसावा याविषयी दुमत नाही. त्यांत सत्ताधाऱ्यांच्या आश्रयाचे लोकही धरले गेले हेही खरे. पण आरोपीने गुन्हा केला की नाही हे न्यायालय ठरवते. त्याआधीच चव्हाट्यावर उभे करून घोषणा वदवणे हे ज्याला आपण दादागिरी म्हणतो तिच्याच घराण्यातले आहे. शिवाय हात जोडून सुटलेला मुलगा त्या रात्री कोणाकडे जातो, हे कोणी विचारले नाही.

बाहेर पडणे म्हटले की आपल्या विरोधकांना हसू येते. समाजवाद्यांइतके या बाबतीत अनुभवी कोणी नाही म्हणून. हसू द्या. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना 1932-33 च्या सुमारास याच शहराच्या तुरुंगात आकाराला आली, आणि 1948 च्या मार्चमध्ये याच शहराच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे उत्तर प्रदेशातील सहकारी काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते; म्हणून त्यांनी विधानसभेच्या जागा सोडल्या, पुन्हा मतदारांपुढे गेले आणि फैजाबादला स्वतः आचार्य हरले. 1956 साली ते वारले तेव्हा राज्यसभेत त्यांच्याविषयी गहिवरून बोलणारे पंतप्रधान नेहरू होते. त्या फुटीचे राजकीय परिणाम चुकीचे होते असे म्हणणारे आहेत, आणि मीही कधी कधी त्यांच्यात असतो. परंतु तेथे जाणाऱ्याला जाता आले आणि मागे राहिलेल्याला त्याच्याशी बोलता आले.

आता त्या फलकावरच्या ओळखीच्या चेहऱ्याविषयी. चारेक वर्षांपूर्वी हा मुलगा आपल्या कार्यालयात आला होता. बाप कारखान्यात कंत्राटी, आई धुणीभांडी करणारी. मारामारीच्या एका प्रकरणात सापडला होता, न्यायालयाने तात्पुरते सोडले होते, आणि आठवडाभरात सक्षम जामीनदार उभा करावयाचा होता. वर तडीपारीची नोटीस निघेल अशी टांगती तलवार. तडीपारी म्हणजे दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. घर, काम, सारे सोडून. "मला त्यांच्यात राहायचं नाही, पण जामीन त्यांच्याकडून घेतला तर सुटका नाही," असे तो अगदी स्पष्ट शब्दांत म्हणाला. हर्शमन त्याने वाचलेला नव्हता.

त्या खोलीत आम्ही पाच जण होतो. तिघांच्या नावे सातबारा होता, त्या तिघांतला मी एक. कोणीही नाही म्हटले नाही. एकाने मुलाला विचारून सांगतो म्हटले, दुसऱ्याने वकिलाशी बोलतो म्हटले, मी म्हणालो, उतारा गावाहून आणावा लागेल, बघू. त्याला आम्ही चहा दिला आणि बेकारीविरोधी मोर्चाचे पत्रक दिले. मुदतीच्या आदल्या रात्री भाईचा माणूस उतारा, घरपट्टीची पावती आणि स्वतःचे आधारपत्र घेऊन त्याच्या दारात उभा राहिला. जामीन झाला. काल फलकावर तो चेहरा वरून तिसऱ्या ओळीत होता.

त्यात धोका होता हे मी लपवत नाही. मुलगा पळाला असता तर जामिनाची रक्कम आम्हाला भरावी लागली असती, आणि आमच्यापैकी कोणी धनिक नव्हते. भाईला तो धोका नसतो, कारण मुलगा पळणार नाही याची व्यवस्था तो दुसऱ्या रीतीने करतो. एका माणसाने हे ओझे घेणे कठीण आहे. दहा जणांत ते वाटले तर तितके जड नाही. कोणासाठी उभे राहावयाचे आणि कोणासाठी नाही हेही ठरवावे लागेल, आणि ते उघड बैठकीत ठरवावे.

दुपारच्या सत्रात ठरावांवर चर्चा ठेवली आहे. त्यापूर्वी मी एक कोरी वही फिरवणार आहे. ज्यांच्या नावावर जमीन, घर किंवा कायम नोकरी आहे आणि जे जामीनदार म्हणून उभे राहण्यास तयार आहेत त्यांनी तीत नाव लिहावे. पहिले नाव मी सकाळीच लिहिले आहे. उतारा या वेळी बरोबर आणला आहे.