प्रश्न विचारून थांबणारा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

मी ३४ वर्षं गणित शिकवलं. त्यातला एकच तास आज तुम्हाला सांगायचा आहे, आणि तो माझा चांगला तास नव्हता.

या कॉलेजात येण्याआधीची गोष्ट. वर्गात मी फळ्यावर समभुज त्रिकोण काढत होते. एक रेषाखंड, त्याच्या दोन्ही टोकांवर कंपास ठेवून दोन वर्तुळं, ती जिथं छेदतात तो बिंदू दोन्ही टोकांना जोडला की त्रिकोण झाला. तुम्ही शाळेत असताना तो किती वेळा काढला असेल. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ही वर्तुळं एकमेकांना छेदतीलच, हे कशावरून?" मी म्हणाले, "दिसतंय ना फळ्यावर. बस खाली, पोर्शन राहिलाय." ती बसली. तिनं वर्षभर सगळी गणितं नीट सोडवली, मार्कही छान मिळवले. मला प्रश्न मात्र पुन्हा कधी विचारला नाही.

काही वर्षांनी मी युक्लिडचा मूळ ग्रंथ पहिल्या पानापासून वाचायला घेतला. पहिलीच रचना समभुज त्रिकोणाची. वाचता वाचता लक्षात आलं की मुलीचं बरोबर होतं. वर्तुळं छेदतात हे युक्लिड धरून चालतो, पण ते सिद्ध करायला पुरेल असं एकही गृहीतक त्यानं आधी दिलेलं नाही. ही फट नीट बुजवायला १९ व्या शतकातल्या गणितज्ञांना सातत्याची कल्पना काटेकोरपणे मांडावी लागली. १८९९ साली हिल्बर्टनं भूमितीची गृहीतकं नव्यानं लिहून काढली, ती अशाच फटींसाठी. वर्गातल्या एका मुलीनं तिथं बरोबर बोट ठेवलं होतं, आणि मी तिला बस म्हणाले होते.

तेव्हापासून मी एका वेगळ्या प्रकारच्या शिक्षकाबद्दल वाचत आले आहे. आज त्याच्याबद्दल, आणि तो जिथं शिकवतो त्या एका कॉलेजाबद्दल बोलायचं आहे.

कॅलिफोर्नियात सांता पॉला नावाचं लहानसं गाव आहे, लिंबाच्या आणि अ‍ॅव्होकॅडोच्या बागांचं. त्याच्या उत्तरेला डोंगराच्या कुशीत थॉमस अक्वायनस कॉलेज आहे. १९७१ साली ते सुरू झालं तेव्हा जागा दुसरीकडे होती. १९७८ मध्ये ते इथं आलं. विद्यार्थी मोजकेच. २०१९ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये दुसरा परिसरही आहे. रोनाल्ड मॅकआर्थर, मार्कस बर्क्विस्ट आणि त्यांचे सोबती हे कॉलेज काढणारे. खरं कॅथलिक उदारशिक्षण कसं असावं याचा प्रस्ताव त्यांनी १९६९ मध्ये लिहून काढला आणि मग तो प्रत्यक्षात आणला. आधी विचार लिहायचा, मग इमारत बांधायची, हा क्रम मला फार आवडतो.

तिथं चारही वर्षं सगळ्यांना एकच अभ्यासक्रम असतो. मुख्य विषय निवडायचा नाही, पाठ्यपुस्तक नाही. भूमिती युक्लिडकडून, शंकुच्छेद अपोलोनियसकडून, ग्रहांची गती टॉलेमी, कोपर्निकस आणि केप्लरकडून, पुढं न्यूटन. तत्त्वज्ञानात अ‍ॅरिस्टॉटल. धर्मशास्त्रात पहिल्या वर्षी बायबल, मग ऑगस्टीन, मग ज्यांच्या नावानं हे कॉलेज आहे ते संत थॉमस. दोन वर्षं लॅटिन. आणि रोजच्या वर्गात व्याख्यान नाही. एक मोठं टेबल, भोवती पंधरा-वीस मुलं, आणि त्यांच्यातच बसलेला एक ट्यूटर.

ट्यूटर म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर काय येतं? ट्यूशन. शिकवणी. संध्याकाळी सायकल काढून जायचं, नोट्स उतरवून घ्यायच्या, अपेक्षित प्रश्नांची तयार उत्तरं घरी आणायची. म्हणजे आपल्या बोलण्यात ट्यूटर हा उत्तरं देणारा. त्या कॉलेजात तोच शब्द उलट्या अर्थानं वापरतात. त्याचं लॅटिन मूळ राखणे, सांभाळणे, लक्ष ठेवणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. ट्यूटर राखण करतो. कशाची? त्या टेबलावर जो शोध चाललेला असतो, त्याची.

टेबलाभोवती बसून मूळ ग्रंथ वाचण्याची ही रीत, आणि ट्यूटर हा शब्दही, त्याआधी अ‍ॅनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजात १९३७ पासून रुळलेला होता. नाव संताचं असलं तरी ते कॉलेज कोणत्याही धर्मसंस्थेचं नाही. सांता पॉलाच्या लोकांनी ती रीत उचलली आणि तिला श्रद्धेचं अधिष्ठान दिलं. त्यांचं म्हणणं साधं आहे: टेबलावर खरा शिक्षक पुस्तक आहे. युक्लिड शिकवतो, ऑगस्टीन शिकवतो, आणि त्यांच्याही मागं सत्य उभं आहे. मग टेबलाशी बसलेल्या हयात माणसानं स्वतःला प्राध्यापक कसं म्हणवून घ्यायचं? तो त्याच शिक्षकांचा जरा आधी शाळेत दाखल झालेला विद्यार्थी. म्हणून तिथं रीडर नाहीत, सहयोगी प्राध्यापक नाहीत, विभागप्रमुख नाहीत, कारण विभागच नाहीत. सगळे ट्यूटर.

मुलांनो, याचा परिणाम काय होतो बघा. विभाग नाहीत म्हणजे ट्यूटरनं अभ्यासक्रमातलं काहीही घ्यायला तयार असायचं. तत्त्वज्ञानात पीएच.डी. केलेला माणूस अपोलोनियसच्या शंकुच्छेदांशी झटतो. गणितातला माणूस लॅटिनची रूपं घोकतो. आपल्या विषयाच्या किल्ल्यात बसून राहण्याची सोय नाही. माझ्या पेशातल्या लोकांना हे ऐकून धडकी भरेल, आणि ती मलाही भरली होती. पण अठरा वर्षांच्या मुलासमोर पन्नाशीचा माणूस काल रात्री स्वतः अडला होता त्या प्रमेयाशी पुन्हा भिडतो, तेव्हा ते मूल जे पाहतं ते मी माझ्या ३४ वर्षांत कितीदा दाखवलं? माझी मुलं मला फक्त समजल्यानंतर पाहायची. समजून घेताना त्यांनी मला कधी पाहिलंच नाही.

वर्ग चालतो तो असा. भूमितीच्या तासाला विद्यार्थी उठून फळ्याशी जातो आणि प्रमेय सिद्ध करून दाखवतो. बाकीचे विचारतात, अडवतात. ग्रंथचर्चेच्या तासाला ट्यूटर एक प्रश्न टाकतो आणि थांबतो. त्या थांबण्यात सगळं कसब आहे. ज्यांनी शिकवलंय त्यांना विचारा, वर्गातली शांतता किती जड असते. दहा सेकंद झाले की आपल्याच तोंडून उत्तर निसटतं, आणि उत्तर निसटलं की वह्या उघडतात. ट्यूटरनं ती शांतता पेलायची. मूल चुकीच्या वाटेला लागलं तर लगेच हाक मारायची नाही. ही वाट कुठं अडते ते त्याला दिसू द्यायचं, पण जंगलात हरवूही द्यायचं नाही. कधी नुसतं "हे पुस्तकात कुठं म्हटलंय?" एवढं विचारायचं. एक बडबड्या सगळा तास खात असेल तर त्याला आवरायचं, आणि कोपऱ्यातली गप्प मुलगी काहीतरी म्हणू पाहते आहे हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. उत्तर माहीत असून ते जिभेखाली धरून ठेवायला व्याख्यान देण्यापेक्षा जास्त तयारी लागते.

त्या टेबलाशी सगळे एकमेकांना आडनावानं, मिस्टर किंवा मिस लावून बोलावतात. काल रात्री वसतिगृहात एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालणारी पोरंसुद्धा. आपल्या भाषेत सांगायचं तर टेबलाशी बसलं की सगळ्यांना अहो-जाहो. मत कितीही कच्चं असो, ते मांडणाऱ्याला मान मिळतो. मला ही रीत ऐकून माझ्या "बस खाली"ची आठवण झाली.

आणखी एक प्रथा आहे, तिला डॉन रॅग म्हणतात. विद्यार्थ्याचे सगळे ट्यूटर एकत्र बसतात आणि त्याच्या अभ्यासाबद्दल बोलतात, त्याच्या देखत. भूमितीत हा धीट आहे, धर्मशास्त्रात गप्प का? लॅटिनमध्ये घाई करतो, तीच घाई चर्चेतही दिसते का? एवढ्या जणांनी आपल्याकडे इतकं नीट पाहिलं आहे, हे कळल्यावर त्या मुलाला काय वाटत असेल! गुणपत्रिकेत हे मावत नाही.

आता श्रद्धेबद्दल. मी स्वतः कॅथलिक नाही, पण या आवारात इतकी वर्षं प्रार्थनेनंतरच तास सुरू करत आले, तेव्हा बोलायचा थोडा अधिकार मागते. तिथले कॅथलिक ट्यूटर चर्चच्या शिकवणुकीशी निष्ठेची शपथ घेतात. बाहेरच्या माणसाला वाटेल, शपथ घेतलेला माणूस मोकळा प्रश्न कसा विचारणार? मलाही वाटलं होतं. पण ट्यूटरच्या नम्रतेचं मूळ मला शेवटी तिथंच सापडलं. संत ऑगस्टीननं आपल्या किशोरवयीन मुलाशी, अडिओडॅटसशी, शिक्षक या विषयावर झालेला संवाद लिहून ठेवला आहे. ते हुशार पोर पुढं लवकरच वारलं, त्यामुळे तो ग्रंथ वाचताना घशात दाटून येतं. त्यात बाप मुलाला सांगतो की शब्द खुणा करतात, खरं काय ते मात्र आतला गुरू दाखवतो, आणि तो गुरू म्हणजे ख्रिस्त. संत थॉमसनं पुढं वैद्याचा दाखला दिला: रोग बरा करते ती शरीराची प्रकृती, वैद्य तिला हातभार लावतो, शिक्षकाचंही तसंच. ज्याची अशी श्रद्धा आहे तो टेबलाशी मालकासारखा बसूच शकत नाही.

थॉमसच्या विद्यार्थिदशेची एक कथा परंपरेनं चालत आली आहे. हा धिप्पाड, अबोल मुलगा मंद आहे असं समजून सोबती त्याला मुका बैल म्हणायचे. एकानं दयेपोटी त्याचा धडा समजावून द्यायला घेतला आणि मध्येच स्वतः अडला. तेव्हा थॉमसनं हळूच पुढचं सगळं उलगडून सांगितलं. त्या सोबत्याला मी पहिल्या नंबरचा ट्यूटर मानते. तो अडला, आणि अडल्यावर त्यानं ऐकून घेतलं.

ट्यूटर म्हणजे नेमकं कोण, हा वाद जुना आहे. जॉन हेन्री न्यूमन १८२६ साली ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात ट्यूटर झाले, तेव्हा ते अजून अँग्लिकन होते. ट्यूटरचं काम हे धर्मगुरूच्या जबाबदारीसारखं आहे, विद्यार्थ्याचं मन आणि आत्मा त्याच्यावर सोपवलेले असतात, अशी त्यांची धारणा. कॉलेजचे प्रमुख हॉकिन्स यांना ती मान्य नव्हती. त्यांनी न्यूमनकडे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांकडे नवे विद्यार्थी पाठवणं बंद केलं, आणि असलेली मुलं पदवी घेऊन गेली तशी न्यूमन यांची ट्यूटरकी संपली. २०१९ मध्ये कॅथलिक चर्चनं त्यांना संत म्हणून जाहीर केलं. त्यांच्याकडचे विद्यार्थी थांबवले गेले ती वर्षं त्यांनी कशी काढली असतील, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

सांता पॉलाच्या कॉलेजातलं सगळंच मला पटतं असं नाही. त्यांची ग्रंथयादी जवळपास संपूर्ण पश्चिमेकडची आहे. ज्ञानेश्वरी श्रोत्यांशी बोलत बोलत उभी राहिली, तिच्यात समोरच्याचा मान राखत अर्थ उलगडतो; ती त्या टेबलावर किती शोभली असती! शिवाय ही पद्धत हळू चालते. पंधरा-वीस मुलांमागं एक ट्यूटर आपल्याला परवडत नाही, ८० च्या वर्गात टेबल मांडायचं कुठं, हे प्रश्न खरे आहेत. मी फक्त एवढं केलं: शेवटची काही वर्षं आठवड्यातला एक तास फळ्याकडे पाठ केली, बाकं सरकवली, आणि मुलांना युक्लिड वाचायला दिला. पोर्शन दर वर्षी थोडा मागं पडला. ज्यांनी माझी त्याबद्दल तक्रार केली त्यांचा राग नाही. त्यांना परीक्षेची काळजी होती.

ती तिसऱ्या बाकावरची मुलगी मला पुन्हा भेटली नाही. तिचा पत्ता माझ्याकडे नाही. भेटली असती तर तिला सांगितलं असतं की तुझा प्रश्न बरोबर होता, आणि मग उत्तर न देता थांबले असते.

प्राचार्यांची परवानगी मी काढली आहे. हा समारंभ आटोपला, फोटो झाले, पालकांनी चहा घेतला की मी ग्रंथालयात बसणार आहे. खिडकीजवळचं मोठं टेबल रिकामं ठेवायला सांगितलंय. त्यावर एक पट्टी, एक कंपास, कोरे कागद, आणि युक्लिडचं पहिलं पान असेल. ज्यांची गाडी उशिराची आहे त्यांनी यावं. गाऊन घालूनच आलात तरी चालेल. वर्तुळं छेदतात का, आणि कशावरून, तिथून सुरू करू.