हात, वार आणि मीटर

(सर्वण येथे गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गणिताचा प्राध्यापक नव्हे. शिक्षण डिप्लोमापर्यंत, नोकरी राज्य सरकारची. पण रोजचा संबंध मोजण्याच्या टेपशी. म्हणून ‘मुलांना मापांविषयी चार गोष्टी सांगा’ असे मंडळाने म्हटल्यावर आनंदाने होकार दिला.

समोरच्या माटोळीपासून सुरुवात करू. समजा, चौकटीची एक बाजू आजी ‘तीन हात’ सांगते, सुतार ‘साडेचार फूट’ म्हणतो आणि नातू ‘१३७ सेंटिमीटर’. कोण बरोबर? तिघेही! लाकूड एकच, माप सांगायच्या रीती तीन.

आपले जुने कोष्टक असे : १२ अंगुळांची वीत, दोन वितींचा हात, चार हातांचा दंड आणि २००० दंडांचा कोस. इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी लिहिलेल्या ‘लीलावती’तही २४ अंगुळांचा हात, चार हातांचा दंड आणि २००० दंडांचा कोस आहे. आता प्रत्येकाचा हात लहानमोठा, म्हणून हिशेबाला १८ इंचांचा हात धरतात. तीन हात म्हणजे ५४ इंच. ५४ ला १२ ने भागा, साडेचार फूट. ५४ ला २.५४ ने गुणा, १३७.१६ सेंटिमीटर.

मुलांनो, गुणायचे की भागायचे, इथेच गोंधळ होतो. घागर पेल्याने भरली तर पेले जास्त लागतात, तांब्याने भरली तर तांबे कमी. तसेच मोठ्या मापातून लहान मापात जाताना आकडा वाढतो, म्हणून गुणाकार; लहानातून मोठ्यात जाताना आकडा घटतो, म्हणून भागाकार. उत्तर आले की एवढे तपासा : आकडा वाढायला हवा होता की घटायला?

दुसरी चूक मोठ्यांचीही होते. ४ फूट ६ इंच हे कॅल्क्युलेटरवर ४.६ फूट असे टाकतात. फूट दहाचा नाही, बाराचा आहे. सहा इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून ४.५. माटोळीच्या बाजूत या चुकीने तीन सेंटिमीटरचा फरक पडतो आणि चौकट सांध्यात बसत नाही.

भगिनींसाठी एक हिशेब. वार म्हणजे तीन फूट, ९१.४४ सेंटिमीटर. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. दुकानात नऊवारीसाठी नऊ मीटर कापड मागितले तर पाऊण मीटरहून जास्त कापडाचे पैसे उगाच जातात.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या गोव्यात जमीन चौरस मीटरमध्ये बोलतात. डिचोलीची हद्द ओलांडून दोडामार्गात गेलो की गुंठा सुरू. आपल्यापैकी अनेकांचे सोयरे तिकडे आहेत, व्यवहारही होतात. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. एक फूट ०.३०४८ मीटर, म्हणून कुणी १०८९ ला ०.३०४८ ने एकदाच गुणतो आणि गुंठ्याचे ३३२ चौरस मीटर करतो. पण जागेला लांबीही आहे आणि रुंदीही, म्हणून दोनदा गुणायचे. खरे उत्तर सुमारे १०१ चौरस मीटर. तिप्पट जमीन समजून पैसे मोजले, तर आयुष्याची पुंजी जाते. इसारा देण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा आणि प्रत्येक आकड्यापुढे माप लिहा : फूट, मीटर, चौरस मीटर. नुसत्या ‘१०८९’ ला काही अर्थ नाही.

पोर्तुगालने मेट्रिक पद्धत १८५२ मध्ये स्वीकारली. भारतात ती १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. तरी हात, वार, गुंठा आपल्या बोलण्यातून गेले नाहीत, आणि जाऊही नयेत. आजी-आजोबांनी जुनी कोष्टके नातवंडांना पाठ करून घ्यावीत, नातवंडांनी ती मीटरमध्ये मांडून दाखवावीत. या पाच दिवसांत घरोघरी एवढे झाले तरी माझ्या बोलण्याचे सार्थक झाले.

गणपती बाप्पा मोरया!